खाण राहते, शेअर जातो

खाण कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला की तिच्या शेअरधारकांना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "अहो, जमिनीखाली एवढा माल पडलाय, तो कुठे पळून जाणार आहे?" माल पळून जात नाही, हे खरंच आहे. पण उद्या तो माल कोणाच्या नावावर असेल, हा वेगळा प्रश्न आहे. तो न विचारता जे थांबून राहतात, किंवा "तळाला आलाय, थोडे घेऊन ठेवू" म्हणत नव्याने शिरतात, त्यांच्यासाठी हा लेख.

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, नेवाडाच्या सीमेजवळ, माउंटन पास नावाची खाण आहे. मोबाइलपासून पवनचक्कीपर्यंत लागणारी लोहचुंबकं ज्यातून बनतात, ती रेअर अर्थ खनिजं तिथे निघतात. मॉलिकॉर्प या कंपनीकडे ही खाण होती. जुलै 2010 मध्ये तिचा शेअर 14 डॉलरला बाजारात आला. त्याच वर्षी चीनने या खनिजांच्या निर्यातीचा कोटा कापला, जपानशी त्याचं बिनसलं आणि किमती भडकल्या. मे 2011 मध्ये शेअर 70 डॉलरच्या पुढे गेला. त्या भरात कंपनीने कर्ज काढून खाणीवर मोठा प्रक्रिया प्रकल्प उभारायला घेतला आणि 2012 मध्ये कॅनडातली एक कंपनी अब्जाहून अधिक डॉलर मोजून विकत घेतली. मग किमती चढल्या तशा उतरल्या. 2015 च्या सुरुवातीला चीनने कोटाच काढून टाकला. 1 जूनला मॉलिकॉर्पने 32.5 दशलक्ष डॉलरचा व्याजाचा हप्ता भरला नाही आणि 25 जूनला डेलावेअरच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. डोक्यावर कर्ज होतं सुमारे 1.7 अब्ज डॉलर.

पुढचा भाग शेअरधारकाने नीट वाचावा. कंपनीचा चालता, कमावता धंदा धनकोंनी ताब्यात घेतला आणि तो नव्या नावाने उभा राहिला. कोणाला नकोशी झालेली खाण मागे उरली. ती 2017 मध्ये लिलावात 20.5 दशलक्ष डॉलरला गेली. ज्यांनी घेतली त्यांनी ती पुन्हा सुरू केली. एमपी मटेरियल्स या नावाने ती कंपनी 2020 मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात आली आणि जुलै 2025 मध्ये तर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तिच्यात 400 दशलक्ष डॉलर घालून सर्वांत मोठा भागधारक व्हायचं ठरवलं. खनिज तेच, खड्डाही तोच. "या खनिजाला भविष्य आहे" असं 2011 मध्ये म्हणणारे चुकले नव्हते. मॉलिकॉर्पच्या जुन्या शेअरधारकांच्या हाती मात्र काहीही लागलं नाही.

रांगेत तुमचा नंबर कुठे

दिवाळखोरीचा कायदा अमेरिकेतला असो की आपला, त्याच्या मुळाशी पंगतीचा नियम आहे. आधीची पंगत पोटभर जेवून उठल्याशिवाय पुढच्या पंगतीचं पान वाढलं जात नाही. पहिल्या पंगतीला प्रकरण चालवण्याचा खर्च आणि अर्जानंतर कंपनी चालू ठेवायला नव्याने घेतलेलं कर्ज. मग तारण असलेले धनको. मग बिनतारणी रोखेधारक, पुरवठादार, कामगारांची देणी, सरकारी कर. यांचा क्रम देशागणिक थोडा बदलतो; आपल्याकडे कामगारांची काही देणी तारणी धनकोंच्या बरोबरीने येतात. त्यानंतर प्रेफरन्स शेअर. आणि अगदी शेवटी साधा शेअर, म्हणजे तुम्ही. अमेरिकेत चॅप्टर 11 मध्ये, म्हणजे पुनर्रचनेच्या दिवाळखोरीत, वरच्या वर्गाचं पूर्ण समाधान न होता खालच्याला काही द्यायचं असेल तर वरच्यांची संमती लागते. आपल्याकडे 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 मध्ये हा क्रम लिहूनच ठेवला आहे.

हिशेब साधा आहे, पण कागदावर मांडून बघा. समजा एका खाण कंपनीवर 600 कोटींचं तारणी कर्ज आहे, 400 कोटींचे बिनतारणी रोखे आहेत आणि पुरवठादार आणि कर मिळून 100 कोटींची देणी आहेत. एकूण 1,100 कोटी. कंपनी विकायला काढली आणि 750 कोटी आले. तारणी बँकांचे 600 फिटले. उरलेल्या 150 मध्ये 500 कोटींचे दावेदार. त्यांना रुपयात तीस पैसे. तुमच्यापर्यंत यायला कंपनीची किंमत 1,100 कोटींच्या वर जायला हवी, म्हणजे जवळपास निम्म्याने वाढायला हवी. नुसतं "खनिजाचे भाव सुधारतायत" पुरत नाही. किती सुधारायला हवेत, हा आकडा काढता आला पाहिजे.

हा आकडा काढायचं सर्वांत सोपं साधन बाजारातच असतं आणि छोटे गुंतवणूकदार ते क्वचित वापरतात: त्याच कंपनीच्या बिनतारणी रोख्यांचा भाव. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या रोख्यांचे व्यवहार आणि भाव फिन्रा या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट बघता येतात. शंभर डॉलरचा रोखा तीस डॉलरला मिळत असेल, तर तो रोज घेणारे-विकणारे जाणकार असं म्हणताहेत की वरच्या पंगतीतल्या माणसाला निम्मंही मिळायचं नाही. मग शेवटच्या पंगतीच्या तिकिटाला बाजारात भाव कसा? त्याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: ते तिकीट घेणाऱ्याने रोख्याचा भाव पाहिलेलाच नसतो. रोखा नव्वद-पंचाण्णवच्या वर गेला असेल तरच शेअरबद्दल पुढे विचार करावा. मी तर हा भाव बघितल्याशिवाय दिवाळखोरीतल्या कुठल्याही शेअरवरची चर्चा वाचतसुद्धा नाही.

भारतात कर्जरोख्यांचा असा उघडा भाव फारसा मिळत नाही, पण दुसरी सोय आहे. प्रकरण चालू असताना कंपनीचा कारभार बघणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलला मान्य दाव्यांची यादी जाहीर करावी लागते. कंपनीच्या संकेतस्थळावर ती मिळते. तिची बेरीज करा. आणि हे लक्षात ठेवा की संहितेखाली आजवर मंजूर झालेल्या प्रकरणांत धनकोंना सरासरीने त्यांच्या मान्य दाव्यांच्या साधारण एक तृतीयांश रक्कम मिळाली आहे. बँका रुपयात पासष्ट पैसे सोडून देत असताना त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शेअरधारकाला काय मिळणार, हे सांगायला सल्लागार लागत नाही.

पीबडीची उसळी

आता सर्वांत फसवा प्रसंग. अर्ज दाखल झाल्यानंतर शेअर वर चढू लागतो.

पीबडी एनर्जी ही सेंट लुइसची कोळसा कंपनी, अमेरिकेतली सर्वांत मोठी. 2011 मध्ये कोळसा तेजीत असताना तिने ऑस्ट्रेलियातली मॅकआर्थर कोल सुमारे 5 अब्ज डॉलरला घेतली. त्याच वर्षी आल्फा नॅचरल रिसोर्सेसने मॅसी एनर्जीसाठी 7.1 अब्ज मोजले आणि वॉल्टर एनर्जीने कॅनडातली वेस्टर्न कोल घेतली. सगळ्यांनी शिखरावर खरेदी केली, तीही उधारीवर. वॉल्टर जुलै 2015 मध्ये गेली, आल्फा ऑगस्टमध्ये, आर्च कोल जानेवारी 2016 मध्ये आणि पीबडी 13 एप्रिल 2016 ला. खाण धंद्यात बहुतेक वेळा कोळसा किंवा तांबं बुडवत नाही. तेजीत केलेली एखादी खरेदी बुडवते.

पीबडीने अर्ज केला तेव्हा तिच्यावर सुमारे 10 अब्ज डॉलरची देणी होती. शेअर न्यूयॉर्क शेअर बाजारातून काढला गेला आणि ओटीसी, म्हणजे एक्स्चेंजबाहेरच्या बाजारात, चिन्हाच्या शेवटी 'क्यू' लावून, फिरू लागला. हा 'क्यू' तिथली धोक्याची खूण. दिसला की समजायचं, कंपनी न्यायालयात आहे. त्याच वर्षी चीनने आपल्या कोळसा खाणींना वर्षातले 276 दिवसच काम करण्याची मर्यादा घातली. पोलादासाठी लागणाऱ्या कोळशाचा भाव काही महिन्यांत तिपटीहून अधिक वाढून नोव्हेंबरमध्ये टनाला 300 डॉलरच्या पुढे गेला. पीबडीचा तो 'क्यू'वाला शेअर काही आठवड्यांत अनेक पटींनी उसळला. युक्तिवाद तयारच होता: कोळसा एवढा महागला, आता कर्ज फिटून आपल्याला उरेल. शेअरधारकांनी आवाजही उठवला.

22 डिसेंबर 2016 ला कंपनीने पुनर्रचनेचा आराखडा न्यायालयात ठेवला. जुन्या शेअरला त्यात काहीच नव्हतं. शेअर कोसळला. मार्च 2017 मध्ये न्यायालयाने आराखडा मंजूर केला आणि 3 एप्रिलला नवी पीबडी नवे शेअर घेऊन पुन्हा न्यूयॉर्क शेअर बाजारात उतरली, त्याच जुन्या 'बीटीयू' चिन्हाने. जुने शेअर रद्द. चिन्ह तेच पाहून आपले शेअर परत जिवंत झाले असं समजणारेही असतात. ते वेगळे शेअर असतात; तुमच्या खात्यातले नव्हेत.

इथे एक बारकावा आहे. आराखड्यासाठी कंपनीचं मूल्य ठरवलं जातं तेव्हा तेजीतला आजचा भाव धरला जात नाही. पुढच्या काही वर्षांचे अंदाज धरले जातात आणि ते मांडतं कोण? कंपनीचं व्यवस्थापन आणि धनको, म्हणजे उद्या ज्यांच्या हाती नवे शेअर येणार तेच. मूल्य जितकं कमी दाखवाल तितका नव्या मालकांना वाटा मोठा आणि जुन्यांना शून्य देणं तितकं सोपं. शेअरधारकांची तक्रार अनेकदा याच मुद्द्यावर असते आणि ती नेहमी चुकीची असते असंही नाही. पण न्यायालयात मूल्यांकनाची लढाई लढायला वकील आणि तज्ज्ञ लागतात, त्यांचा खर्च लागतो. दोनशे शेअरवाल्याच्या बाजूने ती कोणी लढत नाही. एखादा मोठा फंड लढत असेल तर बातमी महत्त्वाची. तरीही तो फंड रोखेही धरून बसलेला नाही ना, ते आधी बघावं.

जमिनीखालचा माल आणि जमिनीवरची देणी

कारखाना बंद पडला तर कुलूप लावता येतं. खाणीला कुलूप लागत नाही. भूमिगत खाण बंद ठेवली तरी पाणी उपसण्याचे पंप दिवसरात्र चालवावे लागतात, नाहीतर खाण बुडते. हवा खेळती ठेवावी लागते, छताचे आधार बघावे लागतात. उघड्या खाणीत कडे ढासळतात, टाकाऊ गाळाच्या बंधाऱ्यांवर नजर ठेवावी लागते. उत्पादन शून्य आणि खर्च चालू. हा खर्च रांगेत सगळ्यांच्या आधी बसतो. त्यामुळे प्रकरण जितकं लांबतं तितकं शेवटच्या माणसाचं पान लांब जातं.

दुसरं ओझं जमीन पूर्ववत करण्याचं. अमेरिकेतल्या कोळसा कंपन्यांवर खोदलेली जमीन भरून, झाडोरा लावून परत देण्याचं कायदेशीर बंधन आहे. त्याची हमी म्हणून पीबडीने तिसऱ्या कोणाकडून जामीन न घेता एक अब्जाहून अधिक डॉलरपुरती स्वतःची शब्दहमी दिलेली होती. दिवाळखोरीत अशा शब्दाला कितीशी किंमत उरते? मग राज्यं आपले दावे घेऊन आली आणि काही रकमेपुरता अग्रक्रम घेऊन गेली. ताळेबंदात या देण्याची ओळ असते. मराठी वाचकाने ती कर्जाइतकीच गंभीरपणे वाचावी. कामगारांची निवृत्तिवेतनं आणि आजारपणाची देणी हीसुद्धा जुन्या खाण कंपन्यांत डोंगराएवढी असतात.

आणि "जमिनीखालचा माल" कंपनीचा असतो का, हाच मुळात प्रश्न. आपल्याकडे कंपनीकडे असतो तो खाणपट्टा: ठरावीक मुदतीपुरता, ठरावीक अटींवर खोदण्याचा परवाना. गोव्याच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. सुप्रीम कोर्टाने 7 फेब्रुवारी 2018 ला 88 खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली आणि मार्चच्या मध्यापासून गोव्यातला खनिज उपसा थांबला. जमिनीखाली लोहखनिज होतं तसंच राहिलं, ट्रक आणि बार्ज मात्र उभे राहिले.

दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणालाही इथे मर्यादा आहेत. टिफिन्स बॅराइट्स या कंपनीच्या प्रकरणात एनसीएलटीने, म्हणजे याच न्यायाधिकरणाने, कर्नाटक सरकारला कंपनीच्या खाणपट्ट्याची मुदतवाढ नोंदवून द्यायला सांगितलं होतं. डिसेंबर 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा अधिकार न्यायाधिकरणाला नाही. सरकारने खाणपट्टा द्यायचा की नाही हा सार्वजनिक कायद्याचा विषय आहे. त्यानंतर संहितेत अशी दुरुस्ती झाली की प्रकरण चालू असताना, चालू देणी भरली जात असतील तर, केवळ दिवाळखोरीच्या कारणावरून परवाना रद्द करता येणार नाही. पण मुदत संपत आलेला किंवा अटी मोडल्याचा आरोप असलेला पट्टा वाचेलच, याची खात्री कोणी देत नाही. म्हणून आपल्याकडच्या खाण कंपनीत पैसे अडकले असतील तर वार्षिक अहवालात साठ्याच्या टनांआधी पट्ट्याची संपण्याची तारीख शोधा.

आपल्याकडे होतं काय

संहितेखाली शेअरधारकाला मत नाही. निर्णय धनकोंच्या समितीचा, 66 टक्के मतांनी. कंपनी कायद्याखाली शेअरधारकांची संमती लागली असती अशा गोष्टींनाही ती मिळाली असं गृहीत धरलं जातं. आराखडा मंजूर झाला की तो सगळ्यांवर बंधनकारक, तुमच्यावरही. धनकोंच्या व्यावसायिक शहाणपणात न्यायालयाने ढवळाढवळ करायची नाही, हे सुप्रीम कोर्टाने एस्सार स्टीलच्या 2019 च्या निकालात पक्कं केलं.

प्रत्यक्षात तीन प्रकार दिसतात.

पहिला, शेअर साफ रद्द. डीएचएफएल ही खाण कंपनी नव्हती, पण महाराष्ट्रात असंख्य घरांत तिचे शेअर होते म्हणून तिचं उदाहरण घेतो. जून 2021 मध्ये न्यायाधिकरणाने पिरामलचा आराखडा मंजूर केल्याची बातमी आली आणि शेअरला वरचं सर्किट लागलं. आराखड्यात शेअरधारकांना शून्य होतं. 14 जूनला व्यवहार थांबले. शेवटचा भाव 16-17 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे शेवटच्या दिवशीही कोणीतरी तो विकत घेत होतं. सेबीच्या नियमानुसार सार्वजनिक शेअरधारकांना निदान लिक्विडेशन मूल्याइतकी किंमत द्यावी लागते. हे वाचून अनेकांना धीर येतो. पण धनकोंची देणी फेडून शेअरला उरणारं लिक्विडेशन मूल्यच शून्य असेल, तर किमान किंमतही शून्यच.

दुसरा, भांडवल कपात आणि एकत्रीकरण. रुची सोयामध्ये जुन्या 100 शेअरचा 1 झाला. जानेवारी 2020 मध्ये 17 रुपयांच्या आसपास पुन्हा बाजारात आलेला शेअर जूनअखेर दीड हजारांच्या वर गेला आणि "दिवाळखोरीतून कोट्यधीश" छापाचे मेसेज फिरू लागले. जनतेकडे तेव्हा कंपनीचे जेमतेम एक टक्का शेअर होते. बाजारात विकायला माल नाही, म्हणून भाव चढलेला. ज्याच्याकडे पूर्वी पाचशे शेअर होते त्याच्याकडे आता पाच होते. यानंतर सेबीने अशा कंपन्या पुन्हा सूचीबद्ध होताना किमान 5 टक्के शेअर जनतेकडे असावेत असा नियम केला.

तिसरा प्रकार सौम्य: शेअर राहतात, वाटा आक्रसतो. मे 2018 मध्ये टाटा स्टीलने भूषण स्टीलचा 72.65 टक्के हिस्सा घेतला. जुने सार्वजनिक शेअरधारक उरलेल्यात राहिले. नोव्हेंबर 2021 मध्ये विलीनीकरण झालं तेव्हा 15 शेअरला टाटा स्टीलचा 1 मिळाला. लोखंड-पोलाद-खाणींत एवढं बरं निघालेलं प्रकरण क्वचित.

एक चौथी वाट आहे, ती मोजक्यांना माहीत असते. प्रवर्तकाने धनकोंशी तडजोड केली आणि समितीच्या 90 टक्के मतांनी अर्ज मागे घेतला गेला, तर कंपनी प्रक्रियेतून बाहेर पडते आणि शेअर जसेच्या तसे राहतात. अर्ज नुकताच दाखल झालेला, दावा लहान, प्रवर्तकाकडे पैसे आहेत, अशी लक्षणं असतील तर ही शक्यता जिवंत धरावी. वर्ष उलटलं, इच्छुकांच्या बोली मागवून झाल्या, की ती वाट जवळपास बंद होते.

अपवाद खरे असतात

अमेरिकेत 2020 मध्ये हर्ट्झ ही भाड्याच्या गाड्यांची कंपनी दिवाळखोरीत गेली आणि 2021 मध्ये बाहेर आली तेव्हा जुन्या शेअरधारकांना रोख रक्कम आणि वॉरंट मिळाले. हे उदाहरण तेव्हापासून प्रत्येक बुडत्या शेअरच्या बाजूने दिलं जातं. त्यात दोन गोष्टी सोडून दिल्या जातात. प्रवासाचा धंदा आणि जुन्या गाड्यांचे भाव प्रकरण चालू असतानाच परत आले. आणि कंपनी घ्यायला दोन गट एकमेकांवर चढाओढ करत होते, त्या चढाओढीत धनको पूर्ण फिटले. दोन्ही गोष्टी जाहीर बातम्यांत दिसत होत्या. तुमच्या खाण कंपनीत निदान दुसरी दिसतेय का, ते बघा: दोन खरे बोली लावणारे, आणि बोली कर्जाच्या वर.

खाणीतलं उदाहरण हवं तर नेवाडातली अलाइड नेवाडा गोल्ड. मार्च 2015 मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी हायक्रॉफ्ट नावाने बाहेर आली. जुन्या शेअरधारकांना नव्या कंपनीचे वॉरंट मिळाले. वॉरंट म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा हक्क. ती ठरलेली किंमत इतकी वर होती की 2022 मध्ये त्यांची मुदत संपेपर्यंत बाजारभाव तिच्या जवळपासही पोचला नाही. त्या मार्चमध्ये एएमसी या सिनेमागृहांच्या कंपनीने हायक्रॉफ्टचे शेअर घेतले तेव्हा भाव साधारण एक डॉलर होता. (सिनेमावाल्यांनी सोन्याची खाण का घ्यावी, हा वेगळ्या लेखाचा विषय.) म्हणून आराखड्यात "शेअरधारकांना वॉरंट" असं वाचलं तर लगेच हुरळू नका. किंमत किती आणि मुदत किती, हे दोन आकडे शोधा.

मग करायचं काय

अर्जाच्या आधीच्या खुणा ओळखा. त्या बऱ्याचदा ओळीने येतात. पीबडीने 2015 मध्ये पंधरा शेअरचा एक केला, कारण भाव बाजारातून काढून टाकण्याच्या पातळीला आला होता. 2016 च्या फेब्रुवारीत बँकांकडची वापरायची शिल्लक कर्जमर्यादा एकदम उचलली. मार्चमध्ये व्याजाचा हप्ता थांबवून 30 दिवसांची सवलत घेतली आणि त्याच सुमारास "धंदा पुढे चालू राहील की नाही याबद्दल गंभीर शंका" हे लेखापरीक्षणातलं वाक्य आलं. एप्रिलमध्ये अर्ज. कर्जमर्यादा एका दमात उचलणारी कंपनी गंगाजळी उभी करत असते, ती न्यायालयाच्या पायरीसाठी. यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर बाहेर पडायचं तेव्हाच. अर्जानंतर विकणारे सगळे एकाच दारात गर्दी करतात.

अर्ज झालाच असेल तर कंपनीचं पत्रक वाचत बसू नका. तिथे "सर्व संबंधितांच्या हितासाठी" असलंच काही असतं. अमेरिकन कंपनी असेल तर अर्जासोबत पहिल्याच दिवशी एका वरिष्ठ अधिकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र दाखल होतं. कर्जाची पूर्ण उतरंड त्यात सरळ भाषेत असते. न्यायालयीन कागद दावे सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर बहुधा फुकट मिळतात. काही महिन्यांनी आराखड्याचं माहितीपत्र येतं. ते शेकडो पानांचं असतं, पण तुम्हाला एकच तक्ता हवा असतो: दावेदारांचे वर्ग, प्रत्येकाला काय मिळणार, वसुली किती टक्के, मतदान आहे की नाही. तक्त्याच्या तळाशी जा. साध्या शेअरच्या ओळीत "रद्द, काही वाटप नाही" आणि मतदानाच्या रकान्यात "नकार गृहीत" लिहिलेलं असेल, तर तुमचं मत विचारायचीही गरज कायद्याला वाटलेली नाही. भारतीय कंपनीत आराखडा मंजूर होईपर्यंत गुप्त असतो. मंजुरीनंतर त्याचे ठळक मुद्दे आणि शेअरधारकांवरचा परिणाम एक्स्चेंजला कळवावा लागतो. पण तोवर विकायची संधी बहुधा सरलेली असते. म्हणून आपल्याकडे दाव्यांची यादी बघून आधीच ठरवावं.

नव्याने घेणाऱ्यांना माझं सांगणं: जुना शेअर सोडा. खाण आवडली असेल तर कंपनी कर्ज उतरवून बाहेर येईपर्यंत थांबा आणि नव्या शेअरचा विचार करा. तोही निर्धोक नाही. नव्या पीबडीचा शेअर 2020 च्या अखेरीस एका डॉलरच्या आसपास घसरला होता आणि 2022 च्या तेजीत तिशीच्या घरात गेला. पण तिथे निदान तुम्ही ज्या रांगेत उभे असता ती हलकी झालेली असते.

राहता राहिला कर. शेअर शून्य होण्याची वाट बघण्यापेक्षा दहा पैशांना विकून टाकलेला बरा, कारण विक्रीची नोंद झाली की तोटा निर्विवाद असतो. रद्द झालेल्या शेअरवरचा तोटा आपल्याकडे वादात सापडू शकतो. भांडवल कपातीतला तोटा 2025 च्या सुरुवातीला सुप्रीम कोर्टात टिकला, पण त्या प्रकरणात शेअरधारकाच्या हाती काही रक्कम आली होती; अजिबात मोबदला नसेल तर सीएला विचारूनच दावा करा. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वळता होतो, दीर्घकालीन फक्त दीर्घकालीन नफ्यातून; उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, मात्र विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. परदेशी शेअर असतील तर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावे लागतात, भाव कवडीमोल झाला असला तरी. अमेरिकेत कर भरणाऱ्यांना निरुपयोगी झालेल्या शेअरचा तोटा ज्या वर्षी तो निरुपयोगी झाला त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी झाला असं धरून घेता येतो. भांडवली नफ्यातून वळता करून उरलेल्यापैकी वर्षाला 3,000 डॉलरपर्यंत इतर उत्पन्नातून वजा होतात आणि बाकीचा पुढे सरकतो. विकायला गेल्यावर ब्रोकरच्या अ‍ॅपवर 'क्यू'वाल्या शेअरचं बटण बंद दिसलं तर ग्राहक सेवेला फोन करून विक्रीचा आदेश देता येतो का ते विचारा. तसं विचारून ठेवायचं ते आराखड्याच्या मंजुरीआधी. अंमलबजावणीच्या तारखेनंतर विकायला खात्यात काही उरत नाही.